टोमॅटोचा उत्पादनखर्च आणि नफा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्नर, संगमनेर, अकोले, निफाड, दिंडोरी या पट्ट्यात टोमॅटो लावणाऱ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात: खर्च किती धरायचा, कोणत्या भावाला परवडते, तोटा झाला तर तो नेमका कुठे झाला. ते प्रश्न इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. आकडे एक एकर बांबू-तारेवरच्या संकरित टोमॅटोचे आहेत आणि नमुन्यासाठी घेतले आहेत. मजुरी, भाडे, औषधांचे दर गावागणिक बदलतात, म्हणून रीत इथली घ्या आणि दर तुमच्या गावचे घाला.

१. खर्च एकरी काढायचा की कॅरेटमागे?

दोन्ही काढा, पण निर्णय कॅरेटमागच्या आकड्यावर घ्या. "एकरी दोन लाख गेले" म्हटल्याने भाव परवडला की नाही हे कळत नाही, कारण बाजारात आपण २० किलोचे कॅरेट विकतो, एकर विकत नाही. दोन शेजाऱ्यांचा एकरी खर्च सारखा असला तरी एकाचा कॅरेट १७५ रुपयांना पडतो आणि दुसऱ्याचा ३०० रुपयांना. फरक उत्पादनाचा असतो.

त्यासाठी सुरुवातीपासूनच वहीत दोन कप्पे ठेवा. बागेतला खर्च म्हणजे मशागतीपासून फवारणीपर्यंतचा, माल एक कॅरेट निघो वा हजार, होणारच असा खर्च. कॅरेटमागचा खर्च म्हणजे तोडणी, निवड-भराई, भाडे, हमाली. हा माल तोडला तरच होतो. पुढची बहुतेक उत्तरे या दोन कप्प्यांवरच उभी आहेत.

२. एका एकराचा बागेतला खर्च नेमका कसा मांडायचा? नमुना द्या.

आधी मोजमाप. एक एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. दोन बेडमध्ये ५ फूट अंतर ठेवले तर सगळ्या ओळी मिळून ८,७१२ फूट, म्हणजे साधारण २,६५५ मीटर भरतात. या एका आकड्यावरून अर्धे साहित्य ठरते. मल्चिंगचा (बेड झाकायच्या प्लास्टिकचा) रोल ४०० मीटरचा असेल तर ७ रोल लागतात. लॅटरल (ठिबकची नळी) तेवढीच, २,६५५ मीटर. दोन रोपांत सव्वा फूट ठेवले तर जवळपास ७,००० रोपे. दर ६ फुटांवर एक बांबू धरला तर सुमारे १,४५० बांबू. दुकानदाराला विचारून अंदाज बांधण्यापेक्षा ही आकडेमोड घरी करून दुकानात जा.

आता नमुना:

- नांगरट, रोटर, बेड: ८,०००
- शेणखत, ४ ट्रॉली: १८,०००
- रोपे ७,०००, दीड रुपयाने: १०,५००
- मल्चिंग ७ रोल, २,००० ने: १४,०००
- ठिबकचा या हंगामाचा वाटा: ५,०००
- बांबू आणि तारेचा या हंगामाचा वाटा: १०,८००
- सुतळी आणि किरकोळ साहित्य: ४,०००
- बेसल डोस (लागवडीआधीचे खत) आणि विद्राव्य खते: ३०,०००
- फवारणीची आणि आळवणीची (मुळाशी ओतायची) औषधे: ४०,०००
- मजुरी (लागवड, नांग्या भरणे म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणे, बांबू उभारणी, बांधणी, खुरपणी), ८० मजूर, ४०० ने: ३२,०००
- वीज, पाणी, मोटारीची देखभाल: ४,०००
- गुंतवलेल्या पैशाचे व्याज: ५,०००
- जमिनीचा खंड (भाडे), हंगामापुरता: १५,०००

बेरीज १,९६,३०० रुपये. यात तोडणी आणि बाजारखर्च नाही, तो प्रश्न ५ मध्ये आहे.

या यादीतला सगळ्यात हलता आकडा औषधांचा. पावसाळी प्लॉटवर करपा रोग आला की ४० हजारांचे ६० व्हायला वेळ लागत नाही. म्हणून औषधांची बिले खिशात न ठेवता त्याच दिवशी वहीत चढवा. हंगाम संपल्यावर आठवून लिहिलेला औषधखर्च खऱ्यापेक्षा नेहमी कमी भरतो.

३. बांबू, तार आणि ठिबक एकाच हंगामाच्या नावे लिहायचे का?

नाही. जे साहित्य एकापेक्षा जास्त हंगाम चालते त्याचा फक्त त्या हंगामाचा वाटा धरायचा. वरच्या नमुन्यात १,४५० बांबू २४ रुपयांनी ३४,८०० चे आहेत. ते चार हंगाम चालतील असे धरून एका हंगामाला ८,७०० आले. तार १२,६०० ची, सहा हंगामांत वाटली की २,१००. दोन्ही मिळून १०,८००. ठिबक संच ४०,००० चा, आठ हंगामांत ५,०००.

इथे दोन्ही बाजूंनी फसगत होते. पहिल्या वर्षी पूर्ण खर्च टाकणाऱ्याला टोमॅटो कधीच परवडत नाही असे वाटते. दुसऱ्या वर्षी बांबू "घरचेच आहेत" म्हणून शून्य लिहिणाऱ्याला नफा फुगलेला दिसतो, आणि मग चौथ्या वर्षी मोडलेल्या बांबूंच्या जागी नवे घ्यायला हातात पैसा नसतो. बांबू किती हंगाम टिकतो हे तुमच्या मातीवर, वाळवीवर आणि तुम्ही ते कसे साठवता यावर आहे. बुडाला डांबर लावून, हंगाम संपल्यावर उभे करून झाकून ठेवणाऱ्याचे बांबू जास्त चालतात. तुमच्याकडे तीनच हंगाम चालत असतील तर तीननेच भागा. ठिबकला अनुदान मिळाले असेल तर ते वजा करून उरलेली रक्कम वाटा.

४. घरच्या माणसांची मजुरी आणि स्वतःच्या जमिनीचा खंड का धरायचा? तो खिशातून जात नाही.

जात नाही, पण धरायचाच. नाहीतर नफा म्हणून जे दिसते ती खरे म्हणजे घरातल्या दोन बायकांची आणि एका मुलाची न दिलेली मजुरी असते. त्या माणसांनी दुसऱ्याच्या वावरात काम केले असते तर रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, मिळालाच असता.

केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोगही पिकांचा खर्च असाच टप्प्याटप्प्याने काढतो. खिशातून गेलेला खर्च म्हणजे ए२, त्यात घरची मजुरी धरली की ए२ अधिक एफएल, आणि जमिनीचा खंड व भांडवलाचे व्याजही धरले की सी२. टोमॅटोला हमीभाव नाही, त्यामुळे तुमच्या पिकाचा सी२ तुम्हालाच काढावा लागतो.

वहीत दोन्ही नफे लिहा. "हातात उरलेले" वेगळे आणि "खरा नफा" वेगळा. घर हातात उरलेल्यावर चालते. पुढच्या वर्षी टोमॅटो लावायचा की दुसरे काही, हे मात्र खऱ्या नफ्यावर ठरवा. दोन्हींतला फरक आकड्यांत प्रश्न ७ मध्ये आहे.

५. तोडणीपासून बाजारापर्यंत कॅरेटमागे किती खर्च धरावा?

नमुन्यात ५० रुपये धरले आहेत. २५ तोडणी, निवड आणि भराईचे, २० पिकअपच्या भाड्याचे, ५ हमाली व किरकोळ. तुमचे भाडे बाजाराच्या अंतरावर आहे. नारायणगावपासून दहा किलोमीटरवरचा आणि तोच माल वाशीला पाठवणारा यांचा हिशेब एक असणार नाही.

तोडणीचा आकडा स्वतः मोजा. एका तोड्याला किती माणसे होती आणि किती कॅरेट निघाले एवढे लिहिले की पुरे. एक माणूस दिवसाला १६ कॅरेट तोडून भरत असेल आणि रोज ४०० असेल तर कॅरेटला २५ पडले. पहिल्या दोन-तीन आणि शेवटच्या तोड्यांना माल विरळ असतो. तेव्हा तोच माणूस ८ कॅरेटच काढतो आणि खर्च ५० वर जातो. मजुरांची गाडी बाहेरगावाहून येत असेल तर तिचे भाडेही यात घाला, बहुतेक जण ते विसरतात.

६. उत्पादन किती कॅरेट धरून चालावे?

गेल्या तीन हंगामांचे तुमचे स्वतःचे विकलेले कॅरेट काढा आणि त्यातला मधला आकडा घ्या. नर्सरीवाल्याने सांगितलेला किंवा शेजाऱ्याच्या सगळ्यात चांगल्या प्लॉटचा आकडा धरू नका. नवीन असाल तर एकरी १,००० ते १,२०० कॅरेटवर हिशेब बसतो का ते आधी पाहा. २० किलोच्या कॅरेटने ते २० ते २४ टन होतात. चांगल्या बागा याच्या बऱ्याच पुढे जातात, पण अंदाजपत्रक चांगल्या बागेवर बांधायचे नसते.

"विकलेले" हा शब्द महत्त्वाचा आहे. तडकलेला, अळीने पोखरलेला, उन्हाने पांढरा पडलेला माल तोडणीची मजुरी खातो आणि बाजारात जात नाही. दोन नंबरचा माल आणि गोल्टी (बारीक फळे) विकली जाते, पण तिचा भाव वेगळा असतो, म्हणून तिचे कॅरेट वेगळे लिहा.

७. मग मला किमान किती भाव मिळायला हवा?

बागेतला खर्च भागिले विकलेले कॅरेट, अधिक कॅरेटमागचा खर्च. नमुन्यातल्या १,९६,३०० वर हे असे दिसते:

- ८०० कॅरेट विकले तर २९५ रुपये, म्हणजे किलोला पावणेपंधरा
- १,२०० कॅरेट विकले तर २१४ रुपये, म्हणजे किलोला १० रुपये ७० पैसे
- १,६०० कॅरेट विकले तर १७३ रुपये, म्हणजे किलोला ८ रुपये ६५ पैसे

हीच तुमची परवडण्याची रेषा. आता सरासरी भाव २०० मिळाला असे समजा. १,२०० कॅरेटवाल्याला कॅरेटमागे ५० वजा जाता १,८०,००० आले, म्हणजे १६,३०० रुपये तोटा. आणि तरीही तो म्हणतो की हातात पैसे आहेत. दोन्ही खरे आहे. नमुन्यातला खंड १५,०००, घरच्या २५ दिवसांची मजुरी १०,०००, बांबू-तार-ठिबकचा वाटा १५,८०० आणि स्वतःच्या पैशाचे व्याज ५,०००, असे ४५,८०० रुपये त्या हंगामात खिशातून गेलेच नाहीत. त्यामुळे हातात २९,५०० उरले. पण त्यातले १५,८०० पुढच्या बांबू आणि ठिबकचे आहेत. ते लग्नकार्यात किंवा गाडीच्या हप्त्यात गेले तर परत उभे करावे लागतील.

भाव ३०० असता तर याच १,२०० कॅरेटना १,०३,७०० नफा झाला असता, आणि ८०० कॅरेटवाल्याला फक्त ३,७००. भाव आपल्या हातात नाही, पण ८०० चे १,२०० करणे बऱ्याच अंशी रोप, पाणी आणि वेळेवरची बांधणी यांवर आहे. म्हणूनच भावाच्या चर्चेत जेवढा वेळ जातो त्याच्या निम्मा तरी या तीन गोष्टींना द्यावा, असे आमचे कळकळीचे सांगणे आहे.

८. हंगामाचा सरासरी भाव कसा काढायचा? मी सगळे भाव मिळवून पट्ट्यांच्या (विक्रीच्या पावत्यांच्या) संख्येने भागतो.

तसे केले की भाव जास्त दिसतो. तीन पट्ट्या घ्या: १०० कॅरेट ४०० ने, ३०० कॅरेट २०० ने, १०० कॅरेट ३०० ने. नुसती सरासरी ३०० येते. पण पैसे आले १,३०,००० आणि कॅरेट गेले ५००, म्हणजे खरा सरासरी भाव २६०. जास्त माल निघतो त्याच दिवसांत सगळ्यांचाच माल निघतो आणि भाव पडतो, त्यामुळे ही चूक जवळजवळ नेहमी एकाच बाजूला झुकते. आलेले एकूण पैसे भागिले एकूण कॅरेट, एवढेच करा.

९. लागवडीआधी भावाचा अंदाज कसा बांधायचा?

नेमका भाव कुणालाच सांगता येत नाही, आणि जो सांगतो त्याच्या भरवशावर लागवड करू नका. पण भाव किती ते किती राहील याचा पट्टा सांगता येतो. राज्य कृषी पणन मंडळ आणि केंद्राच्या ॲगमार्कनेट या संकेतस्थळांवर बाजारनिहाय जुने दर मिळतात. तुमचे तोडे ज्या आठवड्यांत येणार त्या आठवड्यांचे गेल्या पाच वर्षांचे "सर्वसाधारण" दर काढा. तिथले दर क्विंटलचे असतात. २० किलोच्या कॅरेटचा भाव हवा तर पाचने भागा, १,५०० रुपये क्विंटल म्हणजे ३०० रुपये कॅरेट. पाच आकड्यांतला सगळ्यात वरचा खोडा. उरलेल्यांतला सगळ्यात खालचा भाव आला तर तग धरता येईल का, हे आधी पाहा.

२०२१ चा ऑगस्ट आठवा. नाशिक आणि औरंगाबादकडे किलोला दोन-तीन रुपये मिळत होते आणि शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. २०२३ मध्ये उन्हाळ्यात भाव इतके पडलेले होते की अनेकांनी बागा सोडून दिल्या. ज्यांच्या बागा टिकल्या त्यांना जुलैत नारायणगावला कॅरेटला दोन हजारांच्या पुढे भाव मिळाला. ऑगस्टमध्ये नेपाळहून टोमॅटो आणावा लागला. आणि सप्टेंबर येईपर्यंत भाव पुन्हा कोसळले होते. जुलैचा भाव बघून ज्यांनी घाईने लागवड वाढवली त्यांचा माल नेमका त्या पडत्या बाजारात आला. रोप लावल्यापासून पहिल्या तोड्याला साधारण दोन महिने लागतात. आज दिसणारा भाव हा दोन महिन्यांपूर्वी लावणाऱ्याचा आहे, तुमचा नाही.

आपल्या बाजारावर कर्नाटकातल्या कोलार आणि आंध्रातल्या मदनपल्ले इथल्या आवकेचाही ताण असतो. तिकडे पावसाने नुकसान झाले की इकडे भाव उठतो, तिकडचा माल जोरात आला की दबतो. एका एकराची लागवड एकाच दिवशी न करता पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत केली तर सगळा माल एकाच पडत्या आठवड्यात सापडत नाही.

१०. पट्टीतल्या कोणत्या कपाती खऱ्या आणि कोणत्यांना हरकत घ्यायची?

महाराष्ट्रात २०१६ पासून फळे-भाजीपाल्याची आडत (माल विकून देणाऱ्या आडत्याचे कमिशन) शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असा नियम आहे. तुमच्या पट्टीत "आडत" किंवा वेगळ्या नावाने तशीच टक्केवारी कापलेली दिसली तर विचारा आणि बाजार समितीकडे लेखी तक्रार करा. परराज्यात माल पाठवत असाल तर तिथले नियम वेगळे आहेत, तिथली आडत खर्चात धरावीच लागेल.

पट्टीत न दिसणारी कपात वजनात असते. कॅरेट २० किलोचा म्हणून विकला जातो आणि भरला जातो २२ किलो. दोन किलोने काय होते असे वाटते. १,२०० कॅरेटवर ते २,४०० किलो होतात, म्हणजे १२० कॅरेट. २५० च्या भावाने ३०,००० रुपये. घरी एक काटा ठेवा, रिकाम्या कॅरेटचे वजन वजा करून प्रत्येक तोड्याला चार-पाच कॅरेट वजन करून बघा, आणि भराई करणाऱ्यांना ते दाखवा.

११. दुकानात टोमॅटो ६० रुपये किलो आणि मला १५. हा फरक हिशेबात कुठे बसतो?

तुमच्या हिशेबात बसत नाही, कारण तो तुमच्या बांधापलीकडचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या अभ्यासनिबंधात ग्राहकाने टोमॅटोवर खर्च केलेल्या रुपयातले सुमारे ३३ पैसे शेतकऱ्याला मिळतात असे आले होते. थेट विक्री करून हा वाटा वाढवता येतो, पण तेव्हा दुकानाचे भाडे, विकणाऱ्या माणसाचा रोज आणि न विकलेला माल हे सगळे तुमच्या वहीत येते. आठवडे बाजारात ४० ने विकला म्हणून ४० मिळाले असे लिहू नका.

१२. भाव पडला आहे. तोडा करायचा की सोडून द्यायचा?

इथे बागेतला खर्च विसरायचा. तो झालेला आहे, माल तोडला नाही म्हणून परत येणार नाही. आजच्या तोड्यापुरते बघा: कॅरेटचा भाव कॅरेटमागच्या खर्चापेक्षा जास्त आहे का? नमुन्यात खर्च ५० आहे. भाव १०० असेल तर परवडण्याच्या रेषेच्या (प्रश्न ७) कितीही खाली असला तरी तोडा, कारण प्रत्येक कॅरेट तोट्यातले ५० रुपये भरून काढतो आहे. भाव ५० च्या खाली गेला तर प्रत्येक कॅरेट तोटा वाढवतो.

पण इथे एक अपवाद आहे आणि तो मोठा आहे. झाडावर पिकून सडणारा माल अळीला आणि रोगाला आमंत्रण असते, आणि झाडाची ताकदही त्यातच जाते. पुढे अजून फुलोरा असेल आणि आठ-दहा दिवसांत भाव सुधारायची शक्यता दिसत असेल, तर नुकसान सोसूनही पिकलेला माल काढून झाड मोकळे करणे योग्य. तो माल बाजारात नेऊन वर भाडे भरण्यापेक्षा तोडून शेताबाहेर खड्ड्यात टाकावा, म्हणजे भाडे आणि हमाली तरी वाचते. बाग शेवटाला आली असेल तर मात्र बांबू लवकर काढून पुढच्या पिकाची तयारी करणेच शहाणपणाचे.

१३. मधेच रोग आला. आणखी खर्च करायचा की बाग सोडायची?

हिशेब प्रश्न १२ सारखाच, फक्त पुढच्या खर्चाचा. समजा ६,००० च्या फवारणीने १०० कॅरेट वाचतील असा अंदाज आहे. भाव १५० असेल तर कॅरेटमागे १०० उरतात, १०,००० मिळतात, फवारा. भाव १०० असेल तर मिळणार ५,०००, मग थांबा. आतापर्यंत किती घातले हे या निर्णयात आणू नका. "एवढे घातले आहे तर अजून थोडे" याच विचाराने छोटा तोटा मोठा होतो.

खरी अडचण विषाणूजन्य रोगांची आहे. झाडात शिरलेला विषाणू औषधाने जात नाही. २०२० च्या उन्हाळ्यात जुन्नर-संगमनेर-अकोल्याकडे फळांवर पिवळे-हिरवे चट्टे पडून माल पिकेनासा झाला. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत कुकुंबर मोझॅक विषाणू सापडला, जो मावा या किडीमुळे पसरतो. अशा वेळी रोगट झाडांवर विद्राव्य खते आणि टॉनिक ओतत राहणे म्हणजे पैसा मातीत घालणे. रोगट झाडे उपटा, किडीचा बंदोबस्त करा आणि उरलेल्या झाडांच्या कॅरेटवर नवा हिशेब मांडा.

१४. टोमॅटोनंतर त्याच बांबूवर आणि मल्चिंगवर काकडी घेतो. खर्च कसा वाटायचा?

जे साहित्य दोन्ही पिकांनी वापरले ते वाटा, जे एकाने वापरले ते त्याच्याच नावे ठेवा. मल्चिंग निम्मे-निम्मे, म्हणजे टोमॅटोवर ७,०००. शेणखताचा तिसरा हिस्सा, ६,०००, काकडीवर ढकला, कारण त्याचा परिणाम पुढच्या पिकालाही मिळतो. टोमॅटोचा बागेतला खर्च १,८३,३०० वर येतो आणि १,२०० कॅरेटवर परवडण्याची रेषा २१४ वरून २०३ वर उतरते. बांबू-तारेचा वाटा हंगामावर काढलेला असल्याने (प्रश्न ३) काकडीच्या हंगामाचा वाटा वेगळा लागेल.

काकडी, दोडका, कारले चालते. टोमॅटोवर मिरची किंवा वांगे मात्र घेऊ नका. रोग-किडी बऱ्याचशा सारख्याच, आणि वाचवलेले मल्चिंगचे पैसे औषधात जातात.

१५. निम्म्या वाट्याने करतो. माझा नफा कसा काढू?

मालक आणि वाटेकरी, दोघांच्या वह्या वेगळ्या. मालकाच्या वहीत जमिनीचा खंड, विहिरीचे पाणी, त्याने दिलेला निम्मा निविष्ठाखर्च (रोपे, खते, औषधे). वाटेकऱ्याच्या वहीत त्याच्या कुटुंबाची मजुरी आणि त्याचा निम्मा खर्च. वाद नेहमी कॅरेटमागच्या खर्चावरून होतो. तोडणीची बाहेरची मजुरी आणि भाडे आधी एकूण विक्रीतून वजा करायचे आणि मग वाटणी करायची, की वाटणी करून वाटेकऱ्याने एकट्याने द्यायचे? हे लागवडीआधी कागदावर लिहा. भाव पडलेला असताना दुसरी पद्धत वाटेकऱ्याला उघड्यावर पाडते. १०० रुपयांच्या कॅरेटमधले त्याला ५० मिळतात आणि ५० खर्चात जातात. तोडा करावा असे त्याला वाटतच नाही, आणि मालकाचाही माल झाडावर जातो.

१६. पीककर्ज, उधारी आणि उचल यांचे व्याज कसे धरायचे?

टोमॅटोचे पीककर्ज जिल्हास्तरीय तांत्रिक समितीने ठरवलेल्या दराने मिळते आणि तो दर हेक्टरी असतो. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर, तेव्हा एकरी रक्कम काढताना भागायला विसरू नका. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज शून्यावर येते. मुदत चुकली की ती सवलत जाते, म्हणून फेडीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

कृषी सेवा केंद्रातली उधारी बिनव्याजी वाटते, पण बहुधा नसते. जे औषध रोखीने ९५० ला आणि उधारीवर १,०५० ला मिळते, त्यावर चार महिन्यांत १०० रुपये व्याज गेले. वर्षाच्या हिशेबाने ते ३१ टक्क्यांच्या पुढे जाते. व्यापाऱ्याची उचल (आगाऊ रक्कम) घेतली आणि माल त्यालाच घालायचे ठरले असेल, तर बाजारातला त्या दिवसाचा भाव आणि त्याने दिलेला भाव यांतला फरकही व्याजच समजा.

१७. प्रक्रिया कंपनीशी ठरावीक भावाने करार करू का?

करारातला भाव तुमच्या परवडण्याच्या रेषेच्या वर आहे का, एवढे आधी बघा. मग तीन अटी वाचा: माल कुठे पोहोच करायचा, नाकारलेल्या मालाचे काय, पैसे किती दिवसांत. प्रक्रियेच्या टोमॅटोचे वाण वेगळे असतात, अनेकदा बांबूशिवाय जमिनीवर घेतात, त्यामुळे बागेतला खर्च बराच खाली येतो आणि कमी भावही परवडू शकतो. प्रश्न २ चा नमुना तिथे जसाच्या तसा लावू नका. भाव दुप्पट झाला की करार मोडून बाजारात माल नेण्याचा मोह होतो. तसे करणाऱ्याला पुढच्या मंदीत कंपनी दारात उभे करत नाही, हेही धरून चाला. अर्ध्या क्षेत्राचा करार आणि अर्धे खुल्या बाजारासाठी, ही वाटणी बहुतेकांना पेलते.

१८. टोमॅटोच्या नफ्यावर आयकर लागतो का?

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. नोकरी किंवा धंद्याचे करपात्र उत्पन्नही असेल तर मात्र ५,००० रुपयांवरचे निव्वळ शेती उत्पन्न दर ठरवण्यापुरते त्यात मिळवले जाते आणि बाकीच्या उत्पन्नावरचा कर वाढू शकतो. दुसऱ्याचा माल विकत घेऊन विकलात तर तो नफा शेतीचा नाही, व्यापाराचा. पट्ट्या आणि औषधांची बिले जपून ठेवलीत तर बँकेलाही दाखवता येतात आणि सनदी लेखापालालाही.